राजीनाम्यातली राजीखुशी

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी रचली आणि मग आपल्याच मुलांना मामलेदार कचेरीत उमेदवारीला नेऊन बसवले. मराठी माणसाचे नोकरीशी असलेले नाते या एका विसंगतीत सगळे येऊन जाते. तोंडाने तिला कनिष्ठ म्हणायचे आणि सोयरिकीच्या बोलण्यात पहिला प्रश्न मात्र ‘मुलगा कुठे चिकटला आहे?’ हाच करायचा. हे ‘चिकटणे’ क्रियापद तरी पाहा! शेती माणूस करतो, व्यापार करतो. नोकरीला मात्र तो लागतो, चिकटतो आणि पुढे यथाकाल कायम होतो. चिकटलेले सुटताना थोडी कातडी निघणार, हे त्या शब्दानेच आधी सांगून ठेवले आहे.

पण सुटावेसे वाटण्याची वेळ येतेच. वरिष्ठाचा जाच असतो, किंवा जाच नसला तरी कामात जीव नसतो. रविवारची संध्याकाळ झाली की सोमवारच्या धास्तीने घास घशाखाली उतरत नाही. दुसरी नोकरी हाताशी नाही, घरात खाणारी तोंडे आहेत, आणि तरीही ‘उद्या कागद टाकून मोकळा होतो’ असे शब्द ओठांवर येतात. हा प्रसंग आपल्याकडे घरोघर घडतो. मग तो आपल्या वाङ्मयात कसा उतरला आहे? बरीच वर्षे वाचताना हा प्रश्न माझ्या मनात राहिला आहे, आणि त्याचे मला सापडलेले उत्तर या दिवाळीच्या निवांतपणात वाचकांपुढे ठेवावे म्हणतो. ते थोडक्यात असे, की मराठी वाङ्मयाने राजीनामा देणारा माणूस पुष्कळ वेळा पाहिला. तो राजीनामा ज्यांच्या अंगावर येऊन पडतो ती माणसे मात्र फार थोड्या वेळा पाहिली.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘राजीनामा’ हा शब्द फारसीतून आला. राजी म्हणजे कबूल, संतुष्ट; नामा म्हणजे कागद. तेव्हा राजीनामा म्हणजे मुळात संमतीचा लेख. आपल्या जुन्या महसुली कारभारात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. दोन कागद जोडीने दाखल होत, तेव्हा कुठे व्यवहार पुरा होई. आज कचेरीत जो राजीनामा जातो त्यात राजीखुशीचा लवलेश नसतो. चिडलेला, दुखावलेला, थकलेला माणूस तो लिहितो आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे तीन अक्षरी नव्हे, चांगले दोन शब्दी असत्य त्यात घालतो. पण मला त्या जुन्या जोडीची आठवण मोलाची वाटते. नोकरदाराच्या राजीनाम्यालाही एक कबुलायत लागते. साहेब ती देत नाही. ती घरातून यावी लागते. ही कबुलायत कोणत्या लेखकाने नोंदवली आहे आणि कोणी वगळली आहे, एवढी एकच कसोटी हाती घेऊन मी काही पुस्तके पुन्हा चाळली.

राजीनाम्याची आपली सर्वांत प्रसिद्ध कथा अर्थात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची. सरकारी शाळेत मास्तरकी करीत असतानाच त्यांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली. पुढे त्यांची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली, आणि १८७९ साली त्यांनी ती नोकरी सोडून दिली. १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. आणि १८८२ च्या मार्चमध्ये, वयाची बत्तिशीही पुरी न होता, शास्त्रीबुवा गेले. नोकरी सोडल्यानंतर त्यांना जेमतेम अडीच वर्षे मिळाली, आणि त्या अडीच वर्षांनी महाराष्ट्राच्या पुढच्या पन्नास वर्षांना वळण दिले. अशी कथा शाळकरी वयात ऐकलेल्या मुलाला राजीनामा म्हणजे पराक्रम वाटू लागला तर त्यात नवल नाही.

पण ही कथा सावकाश वाचली पाहिजे. शास्त्रीबुवांनी नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या हाती दुसरी नोकरी नव्हती हे खरे. पण काम होते. पाच वर्षे चाललेली ‘निबंधमाला’ होती, तिने मिळवलेला वाचक होता, शाळेची कल्पना होती आणि त्या कल्पनेवर आपले आयुष्य लावायला निघालेले टिळक-आगरकरांसारखे तरुण होते. दुसरी नोकरी हाताशी नसणे आणि दुसरे काम मनाशी नसणे या दोन अगदी निराळ्या अवस्था आहेत. शास्त्रीबुवांचा दाखला देऊन कागद टाकणाऱ्या पुष्कळांजवळ पहिली अवस्था असते आणि दुसरीचा त्यांनी विचारच केलेला नसतो. शिवाय आपल्या स्मरणात टिकलेल्या या कथेत घर जवळजवळ नाहीच. बेडी तुटल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. त्या रात्री स्वयंपाकघरात काय बोलणे झाले ते ऐकू येत नाही.

आगरकरांनी मात्र एक गोष्ट निराळी केली. एम्. ए. च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र मराठी वाचकाला ठाऊक आहे. मुलगा मोठी परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची जागा मिळेल, आपले पांग फिटतील, असे आईला वाटत असणार. तेव्हा आधीच सांगून टाकतो की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी घालवणार आहे, असा त्या पत्राचा आशय. या पत्राची थोरवी आपण नेहमी त्यागाच्या बाजूने सांगतो. मला ती दुसऱ्या बाजूने अधिक दिसते. हा न मिळवलेल्या नोकरीचा राजीनामा आहे, आणि तो ज्या माणसाच्या स्वप्नाला धक्का देणार आहे त्याच माणसाच्या पत्त्यावर, वेळेवर, धाडलेला आहे. आईने काय उत्तर दिले असेल ते असो. तिला अंधारात ठेवले गेले नाही. बुद्धिवादी आगरकरांच्या हळवेपणाचा पुरावा म्हणून हे पत्र दाखवतात. हळवेपणापेक्षा मला त्यात सचोटी दिसते.

चरित्रांतून कथा-कादंबऱ्यांकडे वळलो की देखावा पालटतो. इथे नोकरी सोडणारा क्वचित भेटतो; भेटतो तो टिकून राहणारा, आणि त्याच्या वाट्याला विनोद येतो. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावापासून पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’मधल्या धोंडो भिकाजी जोश्यापर्यंत कारकुनांची एक लांबच लांब रांग आपल्याला हसवत गेली. ‘असा मी असामी’ १९६४ चे. त्यातला कारकून काळाबरोबर धोतरातून पाटलोणीत येतो, गिरगावच्या चाळीतून नव्या राहणीकडे ओढला जातो. पण कचेरी सोडण्याचा विचार त्याच्या स्वप्नातही येत नाही. या विनोदात माया आहे, हे मान्य. तरी आपल्या वाङ्मयाने केलेली वाटणी लक्षात येतेच : सोडून जाणाऱ्याला चरित्र मिळाले आणि टिकून राहणाऱ्याला विनोद. टिकून राहण्यातही काही निवड असू शकते, कधी कधी ती सोडून जाण्यापेक्षा कठीण असते, हे या वाटणीत कोणी विचारात घेतले नाही.

इथे मला आपल्या लघुनिबंधकारांच्या लाडक्या चार्ल्स लॅमची आठवण होते. हा माणूस १७९२ ते १८२५ अशी तेहतीस वर्षे लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिशेबाची चोपडी लिहीत बसला. निवृत्त झाल्यावर त्याने या सुटकेवर जो निबंध लिहिला त्यात मुक्तीच्या आनंदाइतकीच मुक्तीची गोंधळलेली अवस्था आहे. मोकळा वेळ कुठे ठेवावा हे त्याला कळेना. पण इतकी वर्षे तो बसून का राहिला? त्याची बहीण मेरी हिने १७९६ साली वेडाच्या भरात आईचा जीव घेतला होता. तिला कायमची वेड्यांच्या इस्पितळात न ठेवता तिची जबाबदारी लॅमने आपल्यावर घेतली आणि ती जन्मभर निभावली. त्याच्या खेळकर निबंधांच्या पाठीमागे दरमहा येणारा पगार होता आणि त्या पगाराच्या पाठीमागे मेरी होती. अशा माणसाला ‘तुझ्यात धाडस नव्हते’ असे कोण म्हणेल? आपल्या चाळींतून असे लॅम थोडे नव्हते. त्यांनी निबंध लिहिले नाहीत, इतकेच.

आपल्या रंगभूमीवर हा विषय एकदाच पुऱ्या ताकदीने आला, आणि तोही दारूच्या आड लपून. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी उरले नव्हते. दारूबंदीचे नाटक म्हणून आपण ते शंभर वर्षे पाहत आलो. पण सुधाकराच्या हाती पहिला प्याला येतो कशामुळे? भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, मानी सुधाकर उलट उत्तर देतो, आणि सहा महिन्यांसाठी त्याची सनद जाते. सहा महिने! सुधाकर बुद्धिमान आहे, तरुण आहे, सिंधूसारखी बायको घरात आहे. सहा महिने काही जन्म नव्हे. पण काम गेल्याबरोबर आपण कोण आहोत हेच त्याला उमगेनासे होते. अपमान विसरायला तळीराम प्याला पुढे करतो. सुधाकराने काम आपण होऊन सोडलेले नाही, हे खरे. तरी बेकार झालेल्या मानी पुरुषाच्या मनाची जी चिरफाड गडकऱ्यांनी केली आहे, ती पगाराशिवाय घरी बसू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. आणि दुसरीकडे जाते घेऊन बसलेली सिंधू पाहावी. सुधाकराची सनद गेली, आणि त्या सनदेचे दळण सिंधूच्या वाट्याला आले. गडकऱ्यांनी ही घरची बाजू दाखवली. परंतु सिंधूला त्यांनी इतके सोशीक केले की ती हिशेब मागतच नाही. तिची कबुलायत लेखकाने परस्पर लिहून टाकली आहे.

आतापर्यंत मी निवड करणाऱ्यांविषयी बोललो. पण ज्याला निवडच नाही त्याचे काय? या प्रश्नापाशी वरची सगळी पुस्तके थांबतात, आणि एक लहानसे, मूळ इंग्रजीत लिहिलेले पुस्तक पुढे होते : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले आंबेडकर १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी जेवून, कपडे करून, वाचनालयाची पुस्तके परत करायला हातात घेऊन ते कचेरीला निघाले, तो डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यात उभे. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा विचारला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. त्या बागेत बसलेल्या माणसाजवळ दुसरी नोकरी नव्हती. पुढच्या वर्षभरात त्यांनी शिकवण्या केल्या, भागभांडवलाच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच तो व्यवसाय बसला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली तेव्हा कुठे पाय टेकले.

या लेखनाची शैली टीकाकाराने थांबून पाहण्यासारखी आहे. दर किती, दिवस किती, काठ्या किती, मित्र किती, हे सगळे एखाद्या फिर्यादीतल्या जबानीसारखे नेमके येते. आक्रोश जवळजवळ नाही. ज्यांनी हा अनुभव घेतलेला नाही अशा वाचकासाठी हे लिहिलेले आहे, आणि म्हणून लेखकाने पुराव्यावर भर दिला आहे. हे वाचल्यावर ‘मला कचेरीतले वातावरण मानवत नाही’ या तक्रारीचे वजन आपोआप ज्याचे त्याला कळते. काहींसाठी नोकरी सोडणे हा स्वभावाचा प्रश्न असतो. काहींसाठी गावानेच तो सोडवून टाकलेला असतो. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या संग्रहातली त्याच नावाची कथा वाचताना बडोद्याची ती जागा आठवल्याशिवाय राहत नाही. मध्ये जवळजवळ अर्धशतक गेले होते. रेल्वेतल्या कामगाराला गुजरातेत खोली मिळवण्यासाठी अजून जात लपवावी लागत होती.

पण आंबेडकरांनी नोकरी आणखी एकदा सोडली, आणि दोन्ही वेळा जोडीने पाहाव्यात. १९२० साली त्यांनी सिडनहॅमची जागा सोडली ती अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला जाण्यासाठी. या वेळी पगारातून काटकसरीने बाजूला टाकलेली रक्कम होती, शाहू महाराजांची मदत होती, मित्राचे कर्ज होते. ती काटकसर परळच्या खोलीत रमाबाई करीत होत्या. पहिला निर्णय परिस्थितीने एका दिवसात करवला. दुसरा घरातल्या दोन माणसांनी महिन्या-महिन्याने साठवला. ग्रंथालयात बसलेले बाबासाहेब आपल्या चित्रांत असतात. त्या बचतीचे चित्र कोणी काढत नाही.

अलीकडच्या कादंबरीत नोकरीच्या उबगाचे सर्वांत खोल चित्रण भालचंद्र नेमाड्यांनी केले. ‘बिढार’ (१९७५) पासून ‘झूल’ (१९७९) पर्यंतच्या चार कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत हिंडतो. संस्थाचालक, गटबाजी, जातीची गणिते, प्राध्यापकांच्या खोलीतल्या कंटाळवाण्या गप्पा, हे सारे इतक्या तपशिलाने दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही. चांगदेव एक गाव सोडतो, दुसरे धरतो. परंतु तो सडा माणूस आहे. त्याचे सामान एका बैठकीत बांधून होते. ‘बिढार’ या शब्दातच तो मोकळेपणा आहे. म्हणून त्याच्या सोडण्यात तडफड आहे, पण जोखीम त्याच्या एकट्याची. ज्याचे बिढार एका टांग्यात मावत नाही त्या माणसाची कादंबरी मला अजून हवी आहे.

ती कादंबरी मला शेवटी एका आत्मचरित्रात सापडली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. धर्मांतराची कथा, संसाराची कथा, एका कवीची कथा म्हणून ती वाचली गेली, आणि ती तशी आहेच. पण पुन्हा वाचताना मला असे दिसले की, नोकऱ्या सोडणाऱ्या माणसाच्या घरात राहणे म्हणजे काय असते याचे मराठीतले पहिले आणि आजवरचे सर्वोत्तम वर्णन याच पुस्तकात आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक हे नाशिक, नागपूर, राजनांदगाव असे फिरत राहिले. कुठे शिकवणे, कुठे ग्रंथाचे काम. मनास आले नाही की निघाले. हाती आलेला पैसा घरी पोचेपर्यंत टिकेल याची खात्री नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेही बायकोला मागाहून कळले. आणि १९१७ साली, म्हणजे इतर लोक पेन्शनीचे दिवस मोजतात त्या वयात, मिशनचे पगारी काम सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला.

हाच मजकूर चरित्रकाराने लिहिला असता तर ‘अस्वस्थ आत्म्याचा शोध’ वगैरे शब्द आले असते. लक्ष्मीबाईंच्या हाती तो आला आणि त्यात चूल आली, वाणी आला, शेजारीण आली, आजारी मूल आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंची वाक्ये लहान, बोलल्यासारखी. आणि सर्वांत कठीण प्रसंगी त्या हसतात. हे हसणे समजून घेतले पाहिजे. सिंधूचा सोशीकपणा त्यात नाही. नवरा मोठा आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्याच्या मोठेपणाची किंमत आपण मोजली हेही ठाऊक आहे. आणि ही दोन सत्ये एकमेकांना खोडत नाहीत हेही ठाऊक आहे. त्या हिशेब मांडतात, पण वसुली मागत नाहीत. म्हणून वाचकाला टिळक आवडत राहतात आणि त्याच वेळी त्यांचा राग येत राहतो. एवढा तोल आपल्या नामांकित कादंबरीकारांनाही क्वचित साधला आहे.

या पुस्तकातून मी एक गोष्ट शिकलो. लक्ष्मीबाईंना गरिबीने फारसे दुखावलेले नाही. गरिबीचे प्रसंग त्या मजेत सांगतात. त्यांना दुखावले ते न कळण्याने. उद्या आपण कुठे असणार, हे आपल्याखेरीज घरातल्या दुसऱ्याच माणसाने ठरवलेले असते आणि आपल्याला ते सामान बांधताना कळते, या अवस्थेने. पुस्तक जसजसे पुढे जाते तसतशी ही अवस्था पालटते. १९०० साली त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, त्यांचा शब्द घरात चालू लागला. टिळक जन्मभर टिळकच राहिले. पण ज्या मुलीला कोणी काही सांगत नसे ती बरोबरीची बाई झाली. कबुलायत न विचारता घेणाऱ्या घराचे कबुलायत विचारणाऱ्या घरात रूपांतर कसे होते, त्याची ही हकीकत आहे.

यावर कोणी म्हणेल, घरी विचारत बसले तर कोणीच कधी नोकरी सोडणार नाही. घर नेहमी ‘नको’ म्हणणार. मला तसे वाटत नाही, आणि याला माझा स्वतःचा थोडा अनुभव आहे. एका कचेरीत, तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही, मी चौदा वर्षे काढली. शेवटच्या तीन वर्षांत तिथे रोज काहीतरी अवमान गिळावा लागे. १९८८ च्या पावसाळ्यात मी घरी विषय काढला. बायकोने तीन प्रश्न विचारले. शिल्लक किती महिने पुरेल? विम्याचा हप्ता कधीचा आहे? आणि तुमच्या आईंना कोण सांगणार? चौथा प्रश्न मी अपेक्षित होतो, ‘पण सोडताच कशाला?’ तो तिने विचारला नाही. रोज संध्याकाळी दार तीच उघडत होती. कारण तिला माझ्या आधीपासून माहीत होते. ‘दिवाळी होऊ द्या,’ एवढेच ती शेवटी म्हणाली. दिवाळी झाली, कागद दिला. पुढची दीड वर्षे शिकवण्या आणि मुद्रिते तपासणे यांवर काढली. त्या दिवसांत तेल-साखरेची ओढाताण झाली, पण ‘मला विचारले होते का?’ हे वाक्य आमच्या घरात उच्चारले गेले नाही. ज्या घरात ते उच्चारले जाते तिथे पुढे चांगली नोकरी लागली तरी ते पुसले जात नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. पूर्वी वाणी उधारी ठेवी आणि दिवाळीनंतर बघू म्हणे. आता घराचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो, त्याला दिवाळी नाही. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसलेल्या तरुणाचा पगार मामलेदार कचेरीतल्या उमेदवाराला स्वप्नातही दिसला नसता, पण रविवार संध्याकाळची धास्ती तीच आहे. आणखी एक मोठा बदल म्हणजे आता घरात दोघे कमावतात. पण मौज अशी की पुरुषाने नोकरी सोडली तर अजूनही त्याला निर्णय म्हणतात, त्यावर नातेवाइकांची बैठक बसते. बाईने सोडली तर ‘मूल लहान आहे ना’ या चार शब्दांत विषय मिटतो. तिच्या राजीनाम्याला ना चरित्र मिळाले, ना विनोद, ना नाटक. तो कोणी राजीनामा मानलाच नाही. किती बायकांची आवडती, मेहनतीने मिळवलेली कामे अशी बिनबोभाट सुटली असतील! त्यांतल्या कितीकांना कोणी ‘तू राजी आहेस का?’ असे विचारले असेल! या विषयावरचे पुढचे थोर मराठी पुस्तक इथूनच येईल असे मला वाटते, आणि ते लवकर यावे.

तोवर जी पुस्तके आहेत त्यांचा मेळ घातला तर निर्णयापूर्वी स्वतःला विचारण्याजोगे काही प्रश्न हाती येतात. शास्त्रीबुवा विचारतात : नोकरी नसेल, पण काम आहे का? सुधाकर विचारतो : सहा महिने बिनकामाचा बसलास तर तू कोण असशील? लॅम विचारतो : तू बसून राहिला आहेस तो भीतीने, की कोणासाठी? बागेत बसलेले आंबेडकर विचारतात : तुझ्याजवळ निवड आहे याची तुला जाणीव आहे का? आणि लक्ष्मीबाई, हसत हसत, पदराला हात पुसत विचारतात : घरी सांगितलेत का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत साधा, म्हणूनच टाळला जाणारा. दिवाळीत घर भरलेले असते. फराळाच्या ताटांभोवती बसलेल्यांपैकी कोणीतरी एकजण यंदा गप्प असेल, चकली हातात घेऊन दुसरीकडेच पाहत असेल. बोनस हाती पडेपर्यंत थांबायचे आणि मग कागद टाकायचा, असे त्याने किंवा तिने मनाशी ठरवलेही असेल. त्याला धीर देऊ नका, उपदेशही करू नका. पाहुणे गेल्यावर, भांडी आवरून झाल्यावर, जवळ बसा आणि वही-पेन्सिल पुढे ठेवा. आकडे दोघांनी मिळून मांडा. ते जुळले तर तो राजीनामा नावाप्रमाणे राजीखुशीचा होईल. नाही जुळले, तर निदान सोमवारी सकाळी कचेरीला निघताना, आपण कोणासाठी निघालो आहोत हे घरात दोघांना माहीत असेल.